प्रोस्टेट कर्करोग आणि व्यायाम : बारा आठवड्यांच्या वर्गाच्या नोंदी, नाशिक

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळी आटोपली, समाजमंदिराची चावी मिळाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा वर्ग ठरला.

प्रोस्टेटच्या रुग्णाला 'रोज चालत जा' हे ओपीडीतून निघताना सांगितलेलंच असतं. किती वेगानं, किती मिनिटं, काय उचलायचं, कधी वाढवायचं, हे कोणी सांगत नाही. गोळीच्या चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहितात तसं इथे प्रत्येकाच्या कार्डावर व्यायामाचं प्रमाण लिहायचं ठरलं. तीन गट केले.

गट अ : कमी धोक्याचा कर्करोग, उपचार सुरू नाहीत, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, रक्ततपासणीत मोजतात) आणि बायोप्सीवर लक्ष ठेवून आहेत. यांच्यासाठी कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या इरेज चाचणीचं वेळापत्रक घेतलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी ५२ पुरुषांवर झाली. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ट्रेडमिलवर दोन मिनिटं जोरात आणि दोन मिनिटं सावकाश. जोराच्या फेऱ्या पाचापासून आठापर्यंत वाढवत नेल्या होत्या. व्यायाम करणाऱ्यांचा दमसास वाढला, पीएसए वाढण्याचा वेग मंदावला आणि त्यांच्या रक्तातल्या द्रवात प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशीही हळू वाढल्या. आयुष्य वाढतं का, हे ती चाचणी सांगत नाही. कार्डाच्या मागे ही ओळ मुद्दाम छापली.

गट ब : टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणणारं इंजेक्शन (हार्मोनचं इंजेक्शन) चालू असलेले किंवा त्यासाठीच वृषणं काढलेले. टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की स्नायू आणि हाडं झिजतात, पोट सुटतं, थकवा येतो. यांच्यासाठी वजनं हा मुख्य भाग, दम लागणारा व्यायाम जोडीला.

गट क : हाडात पसरलेला आजार. यांचा वर्ग वेगळ्या वेळी, प्रत्येकामागे एक माणूस.

३० ऑक्टोबर, गुरुवार

प्रवेशासाठी कागद : डॉक्टरांची लेखी परवानगी, गोळ्यांची पूर्ण यादी, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी. गट अ साठी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) सक्तीची, कारण जोराच्या फेऱ्यांत हृदयावर ताण येतो. गट ब साठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. गट क साठी आजार कुठे पसरला ते दाखवणाऱ्या बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅनचा रिपोर्ट, निव्वळ शेवटचा निष्कर्ष नाही, आतली सगळी पानं.

यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. परवानगीच्या चिठ्ठीवर 'हलका व्यायाम चालेल' एवढंच लिहून येतं आणि त्यावरून काहीच ठरत नाही. मग एका पानाचा फॉर्म केला : जोराचा व्यायाम हो/नाही, वजन उचलणं हो/नाही, कोणत्या हाडावर भार नको. डॉक्टरांनी फक्त खुणा करायच्या. हा फॉर्म गेल्यावर उत्तरं पटापट आली. ज्यांना वर्ग सुरू करायचा आहे त्यांनी फॉर्म आधी करावा, हॉल नंतर शोधावा.

१ नोव्हेंबर, शनिवार

खरेदी. बीडाचे डंबेल किलोच्या भावानं मिळतात, २, ३, ५ आणि ७.५ किलोच्या जोड्या घेतल्या, साडेपाच हजारांच्या आसपास गेले. रबरी पट्ट्या तीन जाडीच्या, दीड हजार. बीपीचं यंत्र दोन हजार. हाताची पकड मोजायचं डायनॅमोमीटर तीन हजार. सुताराकडून २० सेंटिमीटर उंचीचे प्लायवूडचे पाट, वर रबर ठोकून, प्रत्येकी बाराशे. जुनी व्यायामाची सायकल सात हजारांना, पाठीला टेका असलेली. साध्या सायकलचं अरुंद सीट नेमकं नको तिथे दाबतं, रेडिएशन झालेल्या माणसाला ती पाच मिनिटंही सोसत नाही. ट्रेडमिल घेतलं नाही. एका यंत्रावर एका वेळी एकच माणूस, वर वीज गेली की खोळंबा.

हॉल निवडताना एकच गोष्ट बघितली : संडास-बाथरूम किती पावलांवर आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहिली मोजणी. सहा मिनिटांत किती चालतात, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठतात, पकड, कमरेचा घेर, पोटरीचा घेर.

दोन गोष्टी फसल्या. सहा मिनिटांच्या चाचणीला ३० मीटरची सरळ पट्टी लागते, हॉल आतून १८ मीटर. छोट्या पट्टीवर वळणं वाढतात आणि प्रत्येक वळणावर वेग तुटतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. हॉलमधली सगळी मोजमापं रद्द केली आणि बुधवारी बाहेर, इमारतीच्या बाजूच्या सिमेंटच्या पट्ट्यावर चुना टाकून पुन्हा घेतली. दुसरं, प्लॅस्टिकची खुर्ची. गुळगुळीत फरशीवर ती मागे सरकते आणि वयस्क माणूस बसता बसता जमिनीवर येतो. एक जण थोडक्यात वाचले. आता लाकडी, बिनहाताची, ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची, पाठ भिंतीला टेकवून.

आशियाई मापदंडानुसार पुरुषाची पकड २८ किलोच्या खाली किंवा पोटरी ३४ सेंटिमीटरच्या खाली असली तर स्नायू झिजल्याचा संशय धरतात. गट ब मध्ये पोट सुटलेले पण पोटरी बारीक, असे जास्त दिसले. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायू जातो आणि चरबी त्याची जागा भरून काढते. म्हणून टेप.

१० नोव्हेंबर, सोमवार

गट अ चा पहिला आठवडा वाया गेला. कारण मैदानावरचं चालणं. ताशी ५ किलोमीटर वेगानं सपाटीवर चालायला साधारण साडेतीन मेट, म्हणजे शांत बसलेल्या शरीराच्या साडेतीन पट ऊर्जा लागते. ज्याची टीएमटी ८ मेटपर्यंत गेली आहे त्याच्या दृष्टीनं ही जोराची फेरी होतच नाही. दोन मिनिटं 'जोरात' चालून मंडळी आरामात महापालिकेच्या निवडणुकीवर बोलत होती.

बुधवारपासून पाट. हिशेब असा : २० सेंटिमीटरचा पाट, मिनिटाला २४ चढउतार, म्हणजे साडेपाच मेटपेक्षा थोडं जास्त. ३० चढउतार, म्हणजे पावणेसातच्या आसपास. जोराची फेरी म्हणजे कमाल क्षमतेच्या ८५ टक्के तरी, आणि ८ मेटचे ८५ टक्के म्हणजे ६.८. मोबाइलवर मेट्रोनोम लावायचा. एका चढउतारात चार ठोके (वर, वर, खाली, खाली), म्हणून २४ साठी ९६ आणि ३० साठी १२०. एका मिनिटानंतर पुढचा पाय बदलायचा, नाहीतर एकच गुडघा दुखतो.

टीएमटीच्या रिपोर्टवरचे मेट जसेच्या तसे धरू नयेत. पुढची दांडी घट्ट धरून चाललेल्या माणसाचा आकडा फुगलेला असतो. आम्ही ९६ पासून सुरुवात करतो आणि श्रम दहापैकी आठ वाटेपर्यंत दर दोन वर्गांनी आठ ठोके वाढवतो. फेरीच्या शेवटी नाव, गाव विचारायचं. दोन-तीन शब्दांत दम तुटला तर बरोबर, पूर्ण वाक्य आलं तर कमी, शब्दच फुटला नाही तर जास्त. नाडीवर विसंबू नका. यादीत नाडी मंद ठेवणारं मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असेल तर ती फारशी चढत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गट ब मध्ये दोघांना गरगरलं. मांडणी तपासली. जमिनीवर पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि लगेच उठून पाटावर चढणं, असा क्रम होता. दोघांच्याही यादीत टॅमसुलोसिन. लघवीची धार सुटावी म्हणून ही गोळी असते, ती रक्तवाहिन्याही सैलावते आणि झटकन उभं राहिलं की बीपी खाली येतं. क्रम बदलला : उभ्याचे व्यायाम, मग खुर्चीवरचे, जमिनीवरचे सर्वात शेवटी. उठताना कुशीवर वळून, गुडघ्यावर येऊन, खुर्ची धरून, मग अर्धा मिनिट उभं राहायचं. त्यानंतर तक्रार नाही.

गट ब चं कार्ड सध्या : खुर्चीवरून डंबेल छातीशी धरून उठणं, पाटावर चढणं, टेबलावर हात टेकून दंड, पट्टीनं मागे ओढणं, बसून डंबेल डोक्यावर नेणं, टाचा उचलणं, कंबर उचलणं. प्रत्येकी १२ चे दोन सेट. सेटच्या शेवटी आणखी दोन-तीनच निघतील एवढं वजन हवं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अ‍ॅबिरॅटेरॉन घेणारे सकाळी साडेसहाच्या वर्गात गळून जातात. टेस्टोस्टेरॉन आणखी दाबणारी ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. पहाटे सहाला गोळी, साडेसहाला वर्ग, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर दहा तास पोटात काही नाही. डॉक्टरांना विचारून दोघांची गोळी रात्री झोपताना केली, उरलेल्यांना आठच्या वर्गात टाकलं. या गोळीनं बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, त्यामुळे या मंडळींचं बीपी दर वर्गाआधी. पायात गोळे किंवा अचानक अशक्तपणा आला तर 'व्यायामानं दुखतंय' म्हणून सोडून देऊ नये, पोटॅशियम तपासायला पाठवावं.

एन्झालुटामाइड या दुसऱ्या हार्मोनविरोधी गोळीवाल्यांचा प्रश्न वेगळा. थकवा जास्त, तोल जाण्याचा धोका जास्त. त्यांचा पाट भिंतीजवळ.

१ डिसेंबर, सोमवार

मोक्षदा एकादशी. हे कॅलेंडरवर आधी बघायला हवं. अर्ध्याहून जास्त जण उपाशी किंवा साबुदाण्याच्या खिचडीवर, त्यातले काही मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड गोळीवर किंवा इन्सुलिनवर. एकाची साखर ७४. साखरेचं पाणी, तीन चमचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, वर्ग नाही.

नियम फळ्यावर लिहिला : मधुमेहाची औषधं असतील तर वर्गाआधी साखर मोजायची, १०० च्या खाली असेल तर केळं किंवा दोन-तीन चमचे साखर, मग पुन्हा मोजून सुरुवात. एकादशी, चतुर्थी किंवा गुरुवार धरणाऱ्यांसाठी त्या दिवशी जोराच्या फेऱ्या नाहीत, फक्त ताणाचे व्यायाम. उपास सोडा असं कोणाला सांगायला जाऊ नये. माणूस उपास सोडत नाही, वर्ग सोडतो.

उपासाचा दुसरा तोटा प्रथिनांचा. वजनं उचलूनही स्नायू टिकायचा असेल तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम रोज. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. साबुदाण्यात जवळजवळ काही नाही. उपासाला दही, दूध, दाण्याची आमटी, राजगिरा. किडनीचा त्रास असेल त्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये.

८ डिसेंबर, सोमवार

रबरी पट्टी तुटली, गालाला चाटून गेली. खिडकीच्या गजाला बांधायची पद्धत होती. गजाची कड रंगाखाली खरखरीत असते, तिथे पट्टीला बारीक चिरा पडतात. शिवाय डोक्याला लावलेलं तेल हातावर येतं आणि रबर मऊ पडतं. आता गजाला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली, हात पुसायला पंचा, वर्गानंतर पट्ट्यांना टाल्कम पावडर. दर सोमवारी पट्टी उजेडासमोर ताणून बघायची, चीर दिसली की कात्री.

वजनं वाढत नव्हती. पाचव्या आठवड्यातही बहुतेकांच्या हातात ३ किलोच. कार्डावर 'जमेल तसं वाढवा' लिहिलं होतं, आणि कोणाला ते जमत नसतं. नवा नियम : शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन जास्त निघाले, आणि असं लागोपाठ दोन वर्गांत झालं, की पुढचं वजन घ्यायचंच. ३ वरून थेट ५ ची उडी खांद्याला मोठी पडते, म्हणून पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये कोरडी वाळू भरली. पाणी भरू नका, ते हिंदकळतं आणि मनगट मुरगळतं. वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणून कॅन ताणकाट्यावर टांगून वजन मार्करनं लिहावं.

कार्ड बदललं : आठव्या आठवड्यापर्यंत १० चे तीन सेट, पुढे ८ चे तीन, वजन जास्त.

१५ डिसेंबर, सोमवार

सूर्यनमस्कारांचा आग्रह. वीस-तीस वर्षं घालणारी माणसं आहेत, नाही म्हणणं जड जातं. पण डेक्सामध्ये टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याच्या खाली असेल तर पाठ गोल करून खाली वाकणं धोक्याचं. मणक्याचा पुढचा भाग दबतो आणि ठिसूळ मणका तिथेच पिचकतो. पोटाचे उठाबशीसारखे व्यायाम आणि पाय सरळ ठेवून अंगठे धरणं, दोन्ही याच कारणासाठी बंद.

तडजोड : हस्तपादासनाच्या जागी खुर्चीच्या पाठीवर हात, पाठ सरळ, फक्त खुब्यातून वाकणं. काठीनं शिकवलं. काठी डोकं, पाठ आणि माकडहाड या तिन्हींना लागून राहिली पाहिजे, मधली सुटली की पाठ वाकली. बाकीचा नमस्कार सावकाश. हाड चांगलं आणि आजार हाडात नाही, अशांना टाचांवर दाणकन उतरणं, १० चे दोन सेट. हाडाला धक्का लागतो म्हणूनच ते टिकतं, चालण्यानं एवढं होत नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

गट क. इथे ऑस्ट्रेलियात पर्थच्या एडिथ कोवन विद्यापीठातल्या गटाची पद्धत धरली : जिथे गाठ आहे ते हाड सोडून बाकी शरीराला भार. खुबा-कटीत आजार असेल तर मांडी खुब्यातून हलवण्याचे वजनाचे व्यायाम नाहीत, गुडघा सरळ करणं-वाकवणं चालतं, वरचं अंग पूर्ण. कंबरेच्या मणक्यात असेल तर धडाचे वजनाचे व्यायाम बंद. छातीच्या मणक्यात किंवा बरगड्यांत असेल तर खांद्याचेही बंद, कोपराचे चालतात. दम लागण्यासाठी सायकल, कारण त्यात हाडावर उभ्याचा भार येत नाही.

रिपोर्ट वाचून प्रत्येकासाठी माणसाचं चित्र काढलं आणि बंद भाग लाल केला. चित्र खुर्चीच्या पाठीला चिकटवलेलं. बदली मदतनीस आला तरी गोंधळ होत नाही.

यातल्या एका काकांनी जाता जाता सांगितलं की रात्री कुशीवर वळताना पाठ दुखते, 'थंडीनं असेल'. व्यायाम थांबवून त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन. हाडात आजार असलेल्या माणसाची नवी पाठदुखी थंडीच्या खात्यावर घालायची नाही. पायात जोर कमी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, यातलं एक जरी आलं तर उद्याची वाट न बघता इमर्जन्सी. मज्जारज्जू दबत असेल तर तासांचा फरक पायांवर निघतो.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

शस्त्रक्रिया झालेले दोघे नवीन आले. सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय आणि सर्जनच्या चिठ्ठीशिवाय वजन नाही. त्यांची खरी अडचण गळतीची. खुर्चीवरून उठताना थेंब जातात म्हणून ते उठायचाच व्यायाम टाळत होते, आणि कारण सांगत नव्हते. चार जणांत हे विचारू नये, बाजूला घेऊन विचारावं.

उपाय : लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो आवळून पाच सेकंद धरायचा, पाच सेकंद सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे लघवी करताना करायचं नाही. श्वास रोखायचा नाही, पोट आत ओढायचं नाही, ढुंगण आवळायचं नाही. वर्गात : आधी आवळा, मग श्वास सोडत उठा. पॅड लावून या, काळी पँट घाला.

१२ जानेवारी, सोमवार

'पीएसए किती उतरला?' हा प्रश्न रोजचा. दर पंधरवड्याला स्वतःच्या पैशानं तपासणारे आहेत. ०.३ इकडे तिकडे झालं की रात्रभर झोप नाही. सांगितलं ते असं : डॉक्टरांनी दिलेल्या अंतरानंच, एकाच लॅबमध्ये. आधीचे ४८ तास सायकल आणि जोराच्या फेऱ्या बंद. लघवीला जळजळ असेल तर आधी तो संसर्ग बरा होऊ दे, तोही पीएसए चढवतो. वाढलेली प्रोस्टेट आटोक्यात ठेवणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, ते व्यायामाचं श्रेय समजू नका. हार्मोनच्या इंजेक्शनवर पीएसए उतरतो तो इंजेक्शननं.

व्यायामानं कर्करोगाचे मृत्यू कमी, ही २०२५ ची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. ती खरी आहे, पण चॅलेंज नावाची ८८९ रुग्णांची ती चाचणी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची होती. प्रोस्टेटसाठी तेवढ्या वजनाचा पुरावा धरून बोलू नये. अमेरिकेतल्या २७०५ रुग्णांच्या पाहणीत आठवड्याला तीन तास किंवा जास्त जोराचा व्यायाम करणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी होतं. पण ती पाहणी आहे, आणि ज्याची तब्येत आधीच बरी तोच जास्त धावतो, हा पेच तिच्यात राहतोच. हे सांगितल्यावर कोणी वर्ग सोडला नाही. जिने चढताना काय फरक पडला हे त्यांना स्वतःलाच माहीत आहे.

२८ जानेवारी, बुधवार

पुन्हा मोजणी. तीच खुर्ची, तोच चुन्याचा पट्टा, तीच वेळ, तोच मोजणारा माणूस. गट ब चे आकडे इंजेक्शननंतर कितव्या आठवड्यात घेतले तेही लिहिलं.

खुर्चीवरून उठणं जवळपास सगळ्यांचं सुधारलं. पकड फारशी हलली नाही, कारण कार्डावर पकडीचा व्यायामच नव्हता. पुढच्या तुकडीत वाळूचा कॅन हातात धरून २० मीटर चालणं घालतो आहोत. लग्नसराईत ज्यांचे वर्ग बुडाले त्यांचं अंतर वाढलं नाही. पीएसएचा तक्ता इथे देत नाही. माणसं थोडी, औषधं वेगवेगळी, तुलनेला दुसरा गट नाही. त्यातून काही काढलं तर ते चुकीचंच निघेल.

घरी जाणाऱ्यांच्या कार्डावर : वजनं आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. दम लागणारा व्यायाम तीनदा. जिना असेल तर पाट नको, पण उतरताना कठडा धरा. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खालचं वजन, दोन आठवडे पडला तर दोन. हार्मोन चालू असणाऱ्यांनी पुढचा डेक्सा कधी, हे डॉक्टरांकडून कार्डावर लिहून आणायचं. वाळूचे कॅन ज्याला हवे त्यानं न्यावेत, झाकणाला टेप लावून.